वाचकांचे प्रश्न : गाड्या विजेवर आल्या, तर वीज पुरेल का?

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे विद्युत वाहनांविषयी आहेत आणि कोणती गाडी घ्यावी यापेक्षा तिच्यासाठी लागणारी वीज कोठून येणार, याचीच चिंता त्यांत अधिक दिसते. ही चिंता योग्य आहे. ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी केली जाते, एवढेच माझे म्हणणे आहे. युनिट म्हणजे एकूण किती ऊर्जा वापरली याचे माप आणि किलोवॅट म्हणजे ती ऊर्जा एखाद्या क्षणी किती वेगाने ओढली जाते याचे माप. पुढील उत्तरे वाचताना हा फरक कृपया ध्यानात ठेवावा, कारण या विषयावरचे निम्मे वाद या दोहोंच्या गल्लतीतून होतात असे मला वाटते.

प्रश्न : एक निवृत्त शिक्षक विचारतात, “आज सगळ्या गाड्या पेट्रोल आणि डिझेल मिळून जेवढी ऊर्जा पितात, तेवढी सगळी ऊर्जा उद्या विजेच्या तारांतून यावी लागेल. मग वीजनिर्मिती दुप्पट करावी लागणार नाही का?”

उत्तर : लागणार नाही, कारण तेवढी सगळी ऊर्जा तारांतून यावीच लागत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी गाडी शंभर किलोमीटरसाठी पावणेसात लिटरच्या आसपास पेट्रोल जाळते, म्हणजे सुमारे साठ युनिट ऊर्जा खर्च करते. तिच्यातील जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो आणि उरलेली उष्णता होऊन रेडिएटर व धुरांड्यावाटे निघून जाते. विद्युत मोटारीत हा अपव्यय फार कमी असल्यामुळे तेवढ्याच आकाराची विजेवरची गाडी चार्जिंगमधील घट धरूनसुद्धा शंभर किलोमीटर अंतर अठरा ते वीस युनिटांत कापते. दुचाकीचे प्रमाण याहून कितीतरी कमी, म्हणजे शंभर किलोमीटरला तीन युनिटांच्या आसपास आहे.

आता एका कल्पित शहराचा हिशेब मांडू. या शहरात दहा लाख मोटारी आहेत, सगळ्या विजेवर चालतात आणि प्रत्येक मोटार वर्षाला बारा हजार किलोमीटर, म्हणजे दिवसाला सरासरी तेहतीस किलोमीटर धावते, असे धरू. एका मोटारीला दिवसाकाठी सुमारे सहा युनिट लागतील आणि साऱ्या शहराला साठ लाख युनिट. ही वीज चोवीस तासांत सारखी वाटून घेतली, तर तिच्यासाठी २५० मेगावॉट (एक मेगावॉट म्हणजे हजार किलोवॅट) क्षमता पुरते. मोठ्या औष्णिक केंद्रातील एकच संच याहून मोठा असतो. दहा लाख मोटारींच्या शहराची स्वतःची मागणी कित्येक हजार मेगावॉटची असेल, हे लक्षात घेतले तर ही वाढ पेलता येण्याजोगी आहे, हे दिसून येते.

प्रत्यक्षातील आकडेही हेच सांगतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानुसार २०२३ च्या अखेरीस जगात सुमारे चार कोटी विद्युत मोटारी होत्या आणि बस, दुचाक्या वगैरे धरून सर्व विद्युत वाहनांनी त्या वर्षी साधारण १३० अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराच्या हे अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते. नॉर्वेमध्ये २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के पूर्णपणे विजेवरच्या होत्या, आणि तरीही त्या देशात वीजटंचाई झाली नाही. अर्थात नॉर्वेचा दाखला देताना दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. तेथील बहुतेक वीज जलविद्युत प्रकल्पांतून येते, त्यामुळे धरणातून पाणी सोडून निर्मिती हवी तेव्हा वाढवता येते. शिवाय तेथे घरे गरम ठेवण्यासाठी विजेचाच वापर होत आल्याने घरोघरच्या जोडण्या आणि गल्लीतील तारा पूर्वीपासूनच दणकट आहेत. ज्या देशात या दोन्ही गोष्टी नाहीत, त्याने नॉर्वेकडे बोट दाखवून स्वस्थ बसणे बरे नव्हे.

प्रश्न : एक वाचक भगिनी लिहितात, “वीज पुरेशी आहे असे तज्ज्ञ सांगतात. मग कॅलिफोर्नियात लोकांना ‘गाड्या चार्ज करू नका’ असे आवाहन का करावे लागले?”

उत्तर : आवाहन झाले होते, हे खरे आहे, पण ते अर्धवट सांगितले जाते. कॅलिफोर्नियाने २०३५ पासून केवळ पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या मोटारींची विक्री थांबवणारा नियम ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस मंजूर केला आणि त्यानंतर आठवडाभरातच तेथे उष्णतेची भीषण लाट आली. वीजजाळे सांभाळणाऱ्या संस्थेने नागरिकांना दुपारी चार ते रात्री नऊ या वेळेत वीज जपून वापरण्याची विनंती केली. वातानुकूलन यंत्राचे तापमान थोडे वाढवा, मोठी घरगुती उपकरणे लावू नका आणि गाडी या वेळेत चार्ज करू नका, अशी ती विनंती होती. ६ सप्टेंबर २०२२ रोजी मागणीने ५२,०६१ मेगावॉटचा उच्चांक गाठला. तो उच्चांक मुख्यतः वातानुकूलन यंत्रांमुळे झाला होता, गाड्यांमुळे नव्हे. उरलेल्या एकोणीस तासांत गाडी चार्ज करायला कोणाची हरकत नव्हती.

तरीही या घटनेकडे दुर्लक्ष करू नये, कारण खरी अडचण कोठे आहे ते तिच्यातून कळते. वीज ज्या क्षणी वापरली जाते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. दोहोंत तफावत पडली की जाळ्याची वारंवारता, म्हणजे प्रवाहाच्या दर सेकंदाच्या आंदोलनांची संख्या, ढळते आणि ती मर्यादेबाहेर गेली की काही भागांचा पुरवठा तोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून केंद्रे, वाहिन्या आणि उपकेंद्रे ही वर्षातील सर्वांत जड तासासाठी बांधलेली असतात. वरच्या कल्पित शहरातील दहा लाख मोटारी संध्याकाळी सात वाजता एकाच वेळी सात किलोवॅटच्या चार्जरला जोडल्या, तर ७,००० मेगावॉटची मागणी उभी राहील. त्याच मोटारी मध्यरात्रीपासून सकाळपर्यंतच्या आठ तासांत पाळीपाळीने चार्ज झाल्या, तर ७५० मेगावॉट पुरतील. दोन्ही वेळा वापरलेले युनिट तेवढेच, साठ लाख.

सगळ्या गाड्या नेमक्या एकाच मिनिटाला जोडल्या जात नाहीत, हेही खरे. कोणी रोज चार्ज करतो, तर कोणी चार-पाच दिवसांतून एकदा. कोणी सहाला घरी येतो, तर कोणी दहाला. या विखुरलेपणावरच वीजवितरणाचे सारे नियोजन आधारलेले असते. मात्र घरी परतण्याची वेळ बहुतेकांची संध्याकाळचीच असते, घरातली इतर उपकरणेही तेव्हाच चालू होतात आणि सूर्य मावळल्यामुळे सौरवीज नेमकी त्याच वेळी बंद होते. मुद्दाम काही व्यवस्था केली नाही, तर गाड्यांचा भार आपोआप दिवसातील सर्वांत वाईट वेळेवर जाऊन पडतो.

प्रश्न : वीजवितरणाच्या क्षेत्रात काम करणारे एक वाचक विचारतात, “चर्चा नेहमी वीजकेंद्रांची होते. पण आमचा अनुभव असा की, झळ आधी गल्लीतल्या रोहित्राला (ट्रान्सफॉर्मरला) बसते. हे आपल्याला मान्य आहे का?”

उत्तर : पूर्णपणे मान्य आहे, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे. मोठे वीजकेंद्र लाखो ग्राहकांची सरासरी पाहते. गल्लीतल्या रोहित्राला सरासरीचा हा आधार नसतो. शंभर केव्हीए क्षमतेचे, म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोवॅट भार पेलणारे एक रोहित्र चाळीस घरांना वीज देत आहे आणि संध्याकाळी प्रत्येक घराचा भार सरासरी दीड किलोवॅट आहे, असे धरू. एकूण साठ किलोवॅट झाले; रोहित्र निवांत आहे. त्या चाळीस घरांपैकी पाच घरांत सात किलोवॅटचे चार्जर आले आणि ते एकाच वेळी चालू झाले, की भार पंच्याण्णव किलोवॅटवर जातो आणि रोहित्राची क्षमता जवळजवळ संपते. सहाव्या गाडीला जागा उरत नाही. साऱ्या शहराच्या आकडेवारीत या पाच गाड्या दिसणारही नाहीत.

शिवाय गाड्यांचा भार इतर घरगुती भारापेक्षा स्वभावाने वेगळा असतो. पाणी तापवण्याचे यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालते आणि बंद होते. चार्जर मात्र पूर्ण भाराने तासन् तास चालू राहतो. रोहित्राच्या गुंडाळ्यांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे भार दीडपट झाला की गुंडाळ्यांतील उष्णता सव्वादोनपट होते. गुंडाळ्यांभोवती तेलात भिजलेल्या कागदाचे आवरण असते आणि रोहित्राचे आयुष्य वस्तुतः या कागदाचे आयुष्य असते. कागदाचा सर्वांत तापलेला भाग सहा अंश सेल्सिअसने अधिक तापला की त्याचा ऱ्हास साधारण दुप्पट वेगाने होतो, असा रोहित्रशास्त्रातील प्रचलित आडाखा आहे. आजवर ही यंत्रे संध्याकाळी तापत आणि मध्यरात्रीनंतर निवत. त्या निवण्यावरच त्यांची चाळीस-चाळीस वर्षे निघत. उन्हाळ्याच्या रात्री वातानुकूलन यंत्रे चालूच असतील आणि त्यांच्या जोडीला गाड्याही चार्ज होत असतील, तर रोहित्राला निवायला वेळच मिळणार नाही.

दुसरी अडचण विजेच्या दाबाची, म्हणजे व्होल्टेजची. वाहिनीच्या टोकाला असलेल्या घरात मोठा चार्जर लागला की त्या टोकाचा दाब घसरतो आणि शेजाऱ्यांचे दिवे मंद होतात, पंपाची मोटार तापते. सगळे एकफेजी चार्जर योगायोगाने एकाच फेजवर आले, तर त्या फेजवर ओढ आणि न्यूट्रलमधून (प्रवाह परत नेणाऱ्या तारेतून) नको इतका प्रवाह, अशी दुहेरी पीडा होते. आणखी एक बाब दुर्लक्षिली जाते. विद्युत मोटारी शहरभर सारख्या पसरत नाहीत. ज्या वस्तीत लोकांची ऐपत सारखी असते आणि गाडी उभी करायला स्वतःची जागा असते, तेथे एकाने घेतली की शेजारीही घेतात. त्यामुळे शहरात एकूण गाड्यांपैकी पाच टक्केच विजेवर असताना एखाद्या गल्लीत हे प्रमाण चाळीस टक्के असू शकते.

ब्रिटनमध्ये २०१३ ते २०१५ या काळात ‘माय इलेक्ट्रिक ॲव्हेन्यू’ नावाचा एक प्रकल्प झाला. त्यात एकेका वाहिनीवरील शेजाऱ्यांना मुद्दाम विद्युत मोटारी देऊन जाळ्यावरचा परिणाम मोजण्यात आला. साडेतीन किलोवॅटचे चार्जर धरून चाळीस ते सत्तर टक्के ग्राहकांकडे गाड्या आल्या की तेथील सुमारे एक तृतीयांश वाहिन्यांवर काही ना काही उपाय योजावा लागेल, असा निष्कर्ष निघाला. घरात बसणारे चार्जर आता बहुधा त्याच्या दुप्पट क्षमतेचे असतात.

यावरचा पहिला उपाय खर्चाचा नाही. आपल्या कोणत्या रोहित्रावर किती चार्जर आहेत, हे वितरण कंपनीला माहीत असले पाहिजे. आणि त्यासाठी ग्राहकाने चार्जर बसवताना कंपनीला कळवले पाहिजे. गुपचूप बसवलेला चार्जर कंपनीला कळतो तो रोहित्र जळाल्यावरच, आणि तेव्हा अंधारात सगळी गल्ली बसते.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न, “रात्री स्वस्त दर ठेवला की लोक रात्री चार्ज करतील आणि प्रश्न सुटेल. हे इतके सोपे आहे का?”

उत्तर : बऱ्याच अंशी सोपे आहे, पण त्यात एक मेख आहे. वेळेनुसार बदलणारा दर हे मागणी सरकवण्याचे उत्तम साधन आहे आणि विद्युत मोटार ही त्यासाठी अगदी योग्य वस्तू आहे, कारण ती दिवसातील बावीस-तेवीस तास उभीच असते आणि तिला सहा युनिट भरायला सात किलोवॅटवर तासभरही लागत नाही. स्वयंपाक किंवा दिवे मध्यरात्रीवर ढकलता येत नाहीत. गाडी ढकलता येते.

मेख अशी की, स्वस्त दर रात्री बाराला सुरू होणार असेल, तर सगळेच लोक गाडीतील घड्याळ बारावर लावून ठेवतात. मग संध्याकाळचा उंचवटा जातो आणि बाराच्या ठोक्याला नवा, अधिक टोकदार उंचवटा उभा राहतो. संध्याकाळी लोक निदान वेगवेगळ्या वेळी घरी येत होते. आता हजारो चार्जर एकाच सेकंदाला चालू होतात. पूर्वी जो विखुरलेपणा नियोजनाचा आधार होता, तो आपणच दर लावून मोडला, असे होते. जाळ्याच्या दृष्टीने असा एकदम येणारा भार हळूहळू चढणाऱ्या भारापेक्षा कितीतरी अवघड असतो.

ब्रिटनने यावर एक साधा नियम केला आहे. ३० जून २०२२ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या घरगुती आणि कामाच्या ठिकाणच्या नव्या चार्जरमध्ये आठवड्यातील कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते रात्री दहा या वेळा मूळ मांडणीतच (डिफॉल्ट सेटिंगमध्येच) टाळलेल्या असतात. मालकाला हवे तर तो ही मांडणी बदलू शकतो. शिवाय प्रत्येक चार्जर ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांपर्यंत स्वैर विलंब करून मगच चालू होतो, म्हणजे बाराचे गिऱ्हाईक बारा ते बारा-दहाच्या दरम्यान विखुरले जाते. मला या नियमातील विचार फार मोलाचा वाटतो. बहुतेक लोक मूळ मांडणी बदलण्याच्या फंदात पडत नाहीत, हे ओळखून योग्य गोष्टच आपोआप घडेल अशी व्यवस्था तेथे केली आहे, आणि ज्याला रात्री तातडीने निघायचे आहे त्याची अडवणूकही केलेली नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे वेळ मालकाने किंवा घड्याळाने न ठरवता यंत्रणेने ठरवणे. मालक फक्त एवढेच सांगतो की, सकाळी सातपर्यंत गाडी ऐंशी टक्के भरलेली हवी. मधल्या तासांत रोहित्रावर भार किती, पवनवीज किती, हे पाहून यंत्रणा चार्जरचा वेग कमी-अधिक करते. हे तंत्र आज उपलब्ध आहे. त्यासाठी ग्राहकाचा विश्वास मात्र मिळवावा लागेल, आणि तो मिळवायचा असेल तर यंत्रणेला थांबवण्याची कळ शेवटपर्यंत ग्राहकाच्याच हातात ठेवावी लागेल.

प्रश्न : “गाडी रात्री चार्ज करावी की दिवसा? आणि वीज कोळशाची असेल तर या साऱ्याचा उपयोग काय?” असे एका तरुण वाचकाने विचारले आहे.

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कोळशावरील केंद्रातून एक युनिट वीज तयार होताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे निव्वळ कोळशाच्या विजेवर शंभर किलोमीटर जाणारी मोटार अठरा ते वीस किलो उत्सर्जनाला कारण होते. पेट्रोल जळताना लिटरमागे सुमारे २.३ किलो उत्सर्जन होते. वरच्या उदाहरणातील पेट्रोल गाडीचे शंभर किलोमीटरला पंधरा किलोंच्या आसपास होते आणि तेलाच्या शुद्धीकरणाचा व वाहतुकीचा वाटा धरला की तेही जवळपास तेवढेच येते. सगळी वीज कोळशाची असेल, तर कार्बनच्या हिशेबात फारसा फायदा नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावे. रस्त्यावरचा धूर जातो, आणि शहरातल्या फुफ्फुसांसाठी ती लहान गोष्ट नाही. पण पेट्रोलची गाडी जन्मभर तशीच राहते, तर विजेवरची गाडी जाळ्यात सौर, पवन, जल किंवा अणुवीज जसजशी वाढेल तसतशी आपोआप स्वच्छ होत जाते.

म्हणूनच पहिल्या प्रश्नाचे उत्तर जाळ्यानुसार बदलते. जेथे रात्री वारा भरपूर असतो आणि पवनवीज मोठ्या प्रमाणावर आहे, तेथे रात्र योग्य. जेथे सौर ऊर्जेचा वाटा मोठा आहे, तेथे दुपार योग्य. कॅलिफोर्नियात वसंत ऋतूतील दुपारी घेणारे कोणी नसल्यामुळे सौर प्रकल्पांचे उत्पादन मुद्दाम कमी करावे लागते. आणि ज्या गाड्या ती वीज घेऊ शकल्या असत्या त्या तेव्हा कार्यालयांच्या आवारात नुसत्या उभ्या असतात. अशा ठिकाणी घरापेक्षा कामाच्या जागी कमी क्षमतेचे पुष्कळ चार्जर बसवणे अधिक शहाणपणाचे आहे. तीन किलोवॅटचा साधा चार्जरही आठ तासांत चोवीस युनिट देतो. रोजच्या गरजेच्या चौपट.

प्रश्न : “गाडीतील बॅटरीतून उलट वीज घेता येते असे वाचले. मग गाड्या हाच जाळ्याचा साठा होणार नाही का?” असे एका उत्साही वाचकाचे पत्र आहे.

उत्तर : ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे विलेट केम्प्टन आणि त्यांचे सहकारी यांनी ती १९९७ सालीच शोधनिबंधात मांडली होती. तिचा हिशेब मोहक आहे. एक लाख मोटारींनी संध्याकाळी प्रत्येकी पाच किलोवॅट जाळ्याला परत दिले, तर ५०० मेगावॉट उभे राहतात, तेही नवे केंद्र न बांधता. जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर गाडीच्या बॅटरीवर घर चालवण्याच्या गरजेकडे गांभीर्याने पाहिले गेले आणि पुढच्याच वर्षी निस्सानने आपल्या लीफ गाडीसाठी तशी यंत्रणा विक्रीस आणली.

तरीही ही गोष्ट अजून घरोघरी पोहोचलेली नाही. त्यासाठी दुहेरी चार्जर लागतो आणि तो साध्या चार्जरपेक्षा बराच महाग पडतो; वीज आत घेऊन पुन्हा बाहेर देताना दहा-वीस टक्के घट होते; आणि वारंवार भरणे-रिकामे करणे यामुळे बॅटरीचे जे आयुष्य कमी होईल त्याचा मोबदला मालकाला मिळाला पाहिजे. माझ्या मते त्या टप्प्याची वाट पाहण्याआधी, चार्जिंग फक्त थोडा वेळ थांबवता येण्याचा जो लाभ आहे तो पदरात पाडून घ्यावा. त्याला नवे यंत्र लागत नाही आणि बॅटरीही झिजत नाही.

या निमित्ताने एक कळकळीची सूचना. वीज गेल्यावर गाडीतून घराला वीज घेणाऱ्याने आपले घर जाळ्यापासून आपोआप तोडणारी यंत्रणा बसवल्याशिवाय हा प्रयोग करू नये. घरातून बाहेरच्या तारेत गेलेली वीज रोहित्रातून उलटी जाऊन हजारो व्होल्टची होते, आणि त्या तारेवर वीज नाही असे समजून कोणी तरी खांबावर चढलेला असतो.

प्रश्न : वाहतूक सेवेतील एक वाचक विचारतात, “बस आणि महामार्गावरची जलद चार्जिंग केंद्रे यांचा भार कसा पेलायचा?”

उत्तर : बसची बाब मोटारींपेक्षा सोपी आहे, कारण तिचे वेळापत्रक आधी ठाऊक असते. किलोमीटरला सव्वा युनिट आणि दिवसाला दोनशे किलोमीटर धरले, तर शंभर बसच्या आगाराला रोज पंचवीस हजार युनिट लागतात. रात्री सहा तासांत पाळीपाळीने चार्ज केल्यास चार-सव्वाचार मेगावॉट पुरतात. सगळ्या बस आल्या आल्या सव्वाशे किलोवॅटने जोडल्या तर बारा मेगावॉटही पुरायचे नाहीत. दोन्ही परिस्थितींत उच्च दाबाची स्वतंत्र जोडणी लागेल, पण पहिली जोडणी दुसरीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची असेल. चीनमधील शेन्झेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या सोळा हजारांहून अधिक बस विजेवर आणल्या. म्हणजे हे काम अशक्य कोटीतील नाही.

महामार्गाचे तसे नाही. तेथे थांबलेल्या माणसाला वीस मिनिटांत निघायचे असते. त्याला रात्रीपर्यंत थांबा असे सांगता येत नाही. दीडशे किलोवॅटचे दहा चार्जर म्हणजे दीड मेगावॉट, आणि तेही बहुधा अशा जागी जेथे आजूबाजूला फक्त शेतांना पुरेल एवढीच वाहिनी आहे. चार्जर काही महिन्यांत बसतो, पण उपकेंद्र व वाहिनी यांना वर्षे लागतात. म्हणून केंद्रावर मोठी बॅटरी ठेवून ती सावकाश भरायची आणि गाडीला झपाट्याने द्यायची, हा उपाय अनेक ठिकाणी वापरला जातो.

प्रश्न : “ज्यांच्याकडे विद्युत वाहन नाही, त्यांचेही वीजदर यामुळे वाढतील का?”

उत्तर : गाड्या मागणीच्या कळसावर चार्ज झाल्या तर वाढतील, कारण त्या थोड्या तासांसाठी नवी केंद्रे व तारा उभाराव्या लागतील आणि त्यांचा खर्च सर्वांच्या देयकात येईल. गाड्या रिकाम्या वेळेत चार्ज झाल्या तर परिणाम उलट होईल. तारा आणि रोहित्रे यांचा बहुतेक खर्च स्थिर असतो. त्याच तारांतून अधिक युनिट विकले गेले की प्रत्येक युनिटमागचा स्थिर खर्च कमी होतो आणि त्याचा फायदा गाडी नसलेल्यालाही मिळू शकतो.

प्रश्न : एका गृहसंस्थेच्या पदाधिकारी लिहितात, “आमच्या इमारतीत तीस सभासदांना चार्जर हवे आहेत. इमारतीला १५० किलोवॅटची जोडणी आहे आणि संध्याकाळी त्यातील ११० वापरले जातात. तीस चार्जरना २१० किलोवॅट लागतील असे कंत्राटदार सांगतो. नवी जोडणी घ्यावी का?”

उत्तर : घाई करू नये. सात गुणिले तीस हा हिशेब सगळे चार्जर एकदम पूर्ण वेगाने चालतील असे धरून केलेला आहे, आणि तसे होण्याची गरजच नाही. आपल्या तीस गाड्यांना मिळून रोज साधारण १८० युनिट लागतील. संध्याकाळी शिल्लक राहणारे चाळीस किलोवॅट जरी वापरले, तरी ही गरज साडेचार तासांत भागते. आणि मध्यरात्रीनंतर इमारतीचा स्वतःचा वापर चाळीसवर आला, तर ११० किलोवॅट मोकळे मिळतात आणि पावणेदोन तासही लागत नाहीत. यासाठी इमारतीच्या मुख्य मीटरवर भार मोजणारे आणि उरलेली क्षमता चार्जरमध्ये वाटून देणारे नियंत्रक हवे. चार्जर विकत घेताना ते अशा नियंत्रकाशी जोडता येतात का, हे आधी विचारावे. प्रत्येक सभासदाने आपापल्या मर्जीने वेगवेगळे चार्जर आणले, तर नंतर ते एकत्र बांधणे फार कठीण जाते. प्रत्येक चार्जरला स्वतंत्र वायर, योग्य भूसंपर्क (अर्थिंग) आणि गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण असावे, आणि खिडकीतून सोडलेल्या जोडवायरीवर गाडी चार्ज करण्यास संस्थेने सक्त मनाई करावी.

कंत्राटदाराशी पुढचे बोलणे करण्यापूर्वी इमारतीच्या मुख्य मीटरवरील निदान एका आठवड्याची, दर अर्ध्या तासाची भाराची नोंद मिळवावी. शक्य असल्यास ती उन्हाळ्यातील असावी. आपण लिहिलेले ११० किलोवॅट किती तास टिकतात आणि रात्री भार नेमका किती उतरतो, हे त्या नोंदीत दिसेल, आणि जोडणी वाढवायची की नियंत्रकावर भागवायचे, याचा निर्णय तिच्यावरून घेता येईल.